साडेपाच लाखांची ‘बिनभाड्याची’ खोली: विक्रोळीतल्या एका कुटुंबाचा घरशोध

एका कर्मचारी पतसंस्थेच्या कर्ज समितीवर मी काही वर्षं काम करते आहे. २०२५च्या मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्यापुढे साडेचार लाखांच्या कर्जाचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘रूमसाठी हेवी’, म्हणजे महिन्याच्या भाड्याऐवजी मालकाला द्यायचं मोठं डिपॉझिट. हे प्रकरण त्या अर्जाचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अर्जदाराला इथे दादा म्हणते आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. प्रत्यक्षातही मी त्यांना असंच हाक मारते.

पार्श्वभूमी

दादा परळच्या एका रुग्णालयात हाउसकीपिंगचे सुपरवायझर. हातात सत्तावीस हजार येतात. वहिनी घरून डबे देतात. तेव्हा चौदा डबे होते, नव्वद रुपयांना एक. किराणा, गॅस आणि पोचवणाऱ्या मुलाचे पैसे वजा जाता महिन्याला नऊ हजारांच्या आसपास सुटायचे. घरात नववी संपवून दहावीत जाणारा मुलगा आणि गुडघ्यांनी हैराण झालेल्या आजी.

विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात एका जुन्या म्हाडा इमारतीत तळमजल्याच्या वन-रूम-किचनमध्ये ते आठ वर्षं भाड्याने राहत होते. भाडं साडेतेरा हजार, डिपॉझिट चाळीस हजार. मालक बदलापूरला. पहिली काही वर्षं अकरा-अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट होत गेलं. शेवटचं संपलं आदल्या ऑक्टोबरमध्ये, आणि मग ‘राहा हो, कागदाचं काय एवढं’ म्हणत दोन्ही बाजूंनी ते राहूनच गेलं.

अडचण

गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात मालकाचा फोन आला: बिल्डिंग पाडायला जाते आहे, ३१ मेपर्यंत खोली रिकामी करा.

पुनर्विकासात मालकाला नवं घर मिळतं आणि ते होईपर्यंत बिल्डर त्याला दरमहा भाडं देतो. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीच्या करारावर, राहणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. मालकाला एकरकमी पागडी देऊन पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या भाडेकरूची गोष्ट वेगळी, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. आठ वर्षं नियमित भाडं भरूनही आपला त्या भिंतींवर काडीचा हक्क नाही, हे दादांना त्या फोनवर कळलं.

दुसरा फटका त्यांना एजंटच्या दुकानात बसला. त्यांच्यासोबत आजूबाजूच्या इमारतीही खाली होत होत्या. त्या इमारतींमधल्या घरमालकांच्या हाती बिल्डरचं भाडं होतं, आणि मुलांच्या शाळांसाठी त्यांनाही याच भागात खोली हवी होती. म्हणजे ज्या पैशांनी मालकांची सोय झाली, त्याच पैशांनी भाडेकरूंसाठी बाजार चढला. साडेतेरा हजारांची खोली एकोणीस हजारांवर गेली होती.

तरी वहिनींनी पहिल्याच भेटीत जे सांगितलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. “ताई, एकोणीस हजार पोटाला चिमटा काढून देऊ. पण आत शिरायचं कसं?”

त्यांनी वहीत मांडलेला हिशोब असा होता: डिपॉझिट एक लाख, एजंटचं एक महिन्याचं भाडं एकोणीस हजार, पहिलं भाडं एकोणीस हजार, टेम्पो-हमाल साडेसहा हजार. एकूण एक लाख साडेचव्वेचाळीस हजार, आणि तेही चावी मिळायच्या आधी. जवळ होती पंच्याऐंशी हजारांची एफडी. जुन्या खोलीचे चाळीस हजार मालकाकडे, आणि तो ते देणार खोली रिकामी झाल्यावर. नव्या घराचं डिपॉझिट आधी द्यायचं, जुन्याचं नंतर मिळणार. मधले साठ हजार आणायचे कुठून? भाड्याच्या घराबद्दल बोलताना आपण महिन्याच्या भाड्याचीच चर्चा करतो. माझ्यापुढे येणाऱ्या अर्जांमध्ये मात्र कुटुंबं बहुतेक वेळा या मधल्या फटीत अडकलेली दिसतात.

समोरचे पर्याय

दादांचा कल डोंबिवलीकडे होता. तिथे नऊ हजारांत वन बीएचके, वर बाल्कनी. सातच्या ड्यूटीला पहाटेच्या गाडीने निघायचं, त्याची त्यांची तयारी होती. वहिनींनी एकाच प्रश्नात हा पर्याय निकालात काढला: “माझे चौदा डबे डोंबिवलीला येणार का?” वाचणारं भाडं आणि बुडणारे डबे जवळजवळ सारखेच भरत होते. मुलाची शाळा, पासाचा खर्च, आजींचा नेहमीचा डॉक्टर हे तर धरलंच नव्हतं. ‘भाडं उत्पन्नाच्या एक तृतीयांश असावं’ असा सल्ला सर्रास दिला जातो. या घरात छत्तीस हजारांमधले नऊ हजार पत्त्यावर अवलंबून होते. पत्ता बदलला की उत्पन्नही बदलतं, ही बाब त्या सल्ल्यात धरलेलीच नसते.

भांडुप पश्चिमेला टेकडीवरच्या चाळीत आठ हजारांना खोली होती. ऐंशीएक पायऱ्या आणि पावसाळ्यात मागच्या दरडीची भीती. आजींना वर नेलं असतं तर त्या खाली कधी उतरल्याच नसत्या. मुलुंडची एक खोली एजंटने फोनवरच बंद केली. “व्हेज आहात ना?” वहिनींचा बुधवार, शुक्रवार आणि रविवारचा डबा मासळीचा. त्यांनी उत्तर न देता फोन ठेवला.

उरली कन्नमवार नगरातलीच एकोणीस हजारांची खोली. आणि हेवी.

हेवीचं गणित आणि टोकन

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. हेवी डिपॉझिट म्हणजे मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची आणि भाडं शून्य किंवा नावापुरतं. घर सोडताना रक्कम परत. मालकाला बिनव्याजी पैसा मिळतो, राहणाऱ्याला महिन्याची कटकट नाही.

भांडुपमधल्या एका सात मजली इमारतीत, लिफ्ट असलेली, साडेपाच लाख हेवीवर शून्य भाड्याची खोली एजंटने दाखवली. पतसंस्थेचे साडेचार लाख, मेव्हण्याचे पन्नास हजार, एफडीतले पन्नास हजार, अशी जुळणी होती. आमचा व्याजदर बारा टक्के. पाच वर्षांच्या मुदतीत साडेचार लाखांचा हप्ता दहा हजार दहा रुपये बसतो. म्हणजे एकोणीस हजार भाड्याऐवजी दहा हजारांचा हप्ता, आणि पाच वर्षांनी साडेपाच लाख आपल्या हातात. दादांनी हा हिशोब माझ्यापुढे ठेवला तेव्हा मला त्यात एकही चूक सापडली नाही. आजही सापडत नाही. गणित बरोबरच होतं.

प्रश्न कागदाचा होता. कर्ज समिती म्हणून आम्ही चार गोष्टी मागितल्या: मालकीचा पुरावा, सोसायटीची मेंटेनन्स पावती, लाइटबिल आणि नोंदणीकृत अ‍ॅग्रीमेंटचा मसुदा. आलं फक्त लाइटबिल, आणि तेही तिसऱ्याच माणसाच्या नावावर. अ‍ॅग्रीमेंटबद्दल एजंटचा निरोप होता, ‘पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून देऊ, रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला?’

हा खर्च किती, ते मी दादांसमोर काढून दाखवलं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं. ते एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर मोजतात. भाडं शून्य. साडेपाच लाखांचं व्याज पंचावन्न हजार. त्याचा पाव टक्का म्हणजे एकशे अडतीस रुपये. त्यावर महापालिका हद्दीतली नोंदणी फी एक हजार. एवढ्यासाठी कुणी साडेपाच लाखांचा व्यवहार नोटरीवर करत नाही. नोंदणी नको असण्याचं कारण दुसरंच असणार.

ते दोन दिवसांत कळलं. इमारत झोपडपट्टी पुनर्वसनातली होती आणि घरांचा ताबा मिळून तीनच वर्षं झाली होती. अशी घरं ताबा मिळाल्यापासून ठरावीक वर्षं विकता येत नाहीत, भाड्यानेही देता येत नाहीत. प्राधिकरणाची तपासणी आली की आत राहणाराच बेकायदा ठरतो. मग साडेपाच लाख मागायचे कुणाकडे? ज्याच्या नावावर घर आहे तो समोर आलेलाच नव्हता. पैसे घेणारा त्याचा कुणी नातेवाईक होता.

आम्ही अर्ज नामंजूर केला. दादा रागावले, आणि ते साहजिक होतं. तेव्हा कळलं की अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, मुहूर्त साधून त्यांनी एजंटला एकवीस हजार टोकन रोख देऊन टाकलं होतं. पावती नाही. एजंटच्या वहीत नाव आणि आकडा, बस्स.

मग काय केलं

पहिलं काम टोकनचं. चार चकरा मारल्यावर दहा हजार परत मिळाले, बाकीचे अकरा गेले. तक्रार करायची का, यावर घरात वाद झाला. महिनाअखेर डोक्यावर होती, त्यामुळे ती झाली नाही.

दुसरं जुन्या मालकाचं. दादा समजून चालले होते की अ‍ॅग्रीमेंट संपलंय, तेव्हा आपली बाजू लंगडी. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. करार न नोंदवल्याबद्दल मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. याचा उपयोग दोन प्रकारे करता आला असता. ‘आम्ही हलत नाही’ म्हणत ठाण मांडायचं, असं शेजारच्या एका कुटुंबाने दादांना सुचवलंही होतं. मी त्याच्या विरोधात होते. दादांकडे वकिलाला द्यायला पैसे नव्हते, आणि मुलाचं दहावीचं वर्ष कोर्टाच्या तारखांत घालवण्यात अर्थ नव्हता.

दुसरा मार्ग साधा. दादांनी मालकाला फोन केला: “काका, आम्ही एकतीसला चावी देतो. पण निम्मं डिपॉझिट वीस तारखेला द्या, उरलेलं चावी देताना. नाहीतर कागदाचा विषय काढावा लागेल.” आवाज चढवला नाही. मालक दोन मिनिटं गप्प राहिला आणि हो म्हणाला. त्यालाही बिल्डरला रिकामं घर वेळेवर द्यायचंच होतं.

तिसरं घर. ते कुठल्याही एजंटकडे मिळालं नाही. वहिनींनी एका शुक्रवारी चौदाही डब्यांच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली: ‘३१ मेला घर सोडायचं आहे. जवळपास तळमजल्याची खोली असल्यास कळवा.’ हे त्यांनी दीड महिना केलं नव्हतं. गिऱ्हाइकाला आपली अडचण सांगायची लाज वाटत होती. सोमवारी एका निवृत्त बाईंचा निरोप आला. त्यांच्या बहिणीची कांजूरमार्ग पूर्वेला जुन्या सोसायटीत तळमजल्यावर खोली बंद होती. बहिणीचा मुलगा परदेशी, आधीच्या भाडेकरूने त्रास दिल्यामुळे पुन्हा देण्याची धास्ती.

इथे आणखी एक पेच आला. डब्यांचं सांगायचं की नाही? आधी पाहिलेल्या दोन खोल्या त्यावरूनच फिसकटल्या होत्या: ‘घरात धंदा चालणार नाही.’ दादा म्हणत होते, आता गप्प बसू. वहिनींचं म्हणणं, घर डब्यामुळेच मिळतंय, तर लपवायचं काय? त्यांनी मालकीणबाईंना सकाळच्या वेळी कन्नमवार नगरच्या घरी बोलावलं. दोन शेगड्या, चौदा डबे, साडेदहाला ओटा पुसून कोरडा. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. करारात एक ओळ घातली गेली: घरगुती प्रमाणात डबे करण्यास मालकाची हरकत नाही.

बोलणी सोळा हजार भाड्यावर ठरली. डिपॉझिट पंच्याहत्तर हजार, त्यातले पन्नास आत्ता आणि पंचवीस गणपतीनंतर. मुदत अकरा महिन्यांऐवजी चोवीस, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढ आधीच लिहिलेली. अकरा महिने ही नुसती सवय आहे. नोंदणी आपल्याकडे अकरालाही सक्तीची आणि चोवीसलाही, मग दरवर्षी तोच जीव टांगणीला कशाला? नोंदणी ऑनलाइन, घरी बसून अंगठा देऊन झाली. पोलिसांना कळवण्याचं काम मालकीणबाईंच्या भाच्याने केलं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘एनओसी लागेल आणि भाडेकरूचे महिना आठशे जादा’ असं सांगितलं. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवून कराराची प्रत द्यावी लागते. आणि बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते जादा पैसे, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही, हा सरकारचा २००१ सालचा आदेश आहे. मालकीणबाईंनी हे पत्राने कळवल्यावर आठशेचे एकशे दहा झाले. तेवढे त्यांनी स्वतःच भरायचं ठरवलं.

पतसंस्थेने शेवटी कर्ज दिलं, पण साडेचार लाख नव्हे, पन्नास हजार. तातडीचं कर्ज. जुन्या मालकाचे वीस हजार कबूल केल्याप्रमाणे आले. उरलेले आल्यावर दादांनी चाळीस हजार लगेच भरले आणि दहा हजार पाच हप्त्यांत. ती मधली फट बुजवायला एवढंच लागणार होतं.

पुढे काय झालं

त्या वर्षी पाऊस २६ मेलाच मुंबईत आला. २८ला ताडपत्री बांधलेल्या टेम्पोतून सामान हललं. गाद्या भिजल्या, कपाटाचा एक दरवाजा निखळला.

घरात पाणी पहाटे साडेपाच ते साडेसहा. त्यामुळे डब्यांचा दिवस तासभर अलीकडे सरकला. एक कपाट मालकीणबाईंच्या सामानाचं, कुलूपबंद. दोनशे चौरस फुटांत ते चांगलंच खुपतं. हायवे ओलांडून डबे पोचवणं अवघड झालं आणि चौदापैकी चार सुटले. दिवाळीपर्यंत कांजूरला सहा नवे जोडले गेले. मुलगा बसने जुन्याच शाळेत जात राहिला. बेस्टचं किमान भाडं नेमकं त्याच मेमध्ये पाचाचं दहा झालं होतं. आजी संध्याकाळी इमारतीच्या पायरीवर येऊन बसतात.

वेगळं काय करता आलं असतं

चिठ्ठी एप्रिलमध्येच लागली असती तर टोकनचे अकरा हजार वाचले असते, असं वहिनी म्हणतात. मला खात्री नाही. साडेपाच लाखांच्या खोलीचं गणित इतकं गोड होतं की दादा त्या मोहात पडलेच असते. मात्र टोकन देण्याआधी एक दिवस मेंटेनन्स पावती मागितली असती, तर एजंटने आपणहून विषय बदलला असता. हेवी वाईटच असं मी म्हणत नाही. मालकाचं नाव कागदावर जुळत असेल, करार नोंदवलेला असेल आणि पैसे बँकेतून गेलेले असतील, तर साडेचार लाखांचा तो अर्ज आम्ही मंजूर केला असता.

आमचीही एक चूक झाली. आम्ही हेवीचा अर्ज फेटाळला, पण ‘मग तुम्हाला खरी गरज किती रुपयांची आहे?’ हे विचारायला आम्हाला आठवडा लागला. अर्जात रक्कम असते, कारण असतं. तारीख नसते. दादांच्या बाबतीत ३१ मे ही तारीख रकमेइतकीच महत्त्वाची होती. त्यानंतर आम्ही घराच्या डिपॉझिटसाठी वेगळा अर्ज छापून घेतला. त्यात ‘जुनं डिपॉझिट कुणाकडे, किती, कधी मिळणार’ असा रकाना आहे.

जुनं अ‍ॅग्रीमेंट ऑक्टोबरमध्येच नव्याने झालं असतं, तर दादांना निदान सप्टेंबरपर्यंतची मुदत कागदावर मिळाली असती का? करारात नोटिशीची अट कशी असते त्यावर ते अवलंबून. बहुतेकदा एक महिन्याची असते, आणि तीही मालकाच्या सोयीची.

एक प्रश्न त्यांनी कांजूरला सही करण्याआधी विचारला होता: ही इमारत पाडायला जाणार आहे का? सेक्रेटरी म्हणाले, सध्या तसं काही नाही. जानेवारीत सोसायटीच्या फलकावर सर्वसाधारण सभेची सूचना लागली. विषय क्रमांक तीन: पुनर्विकासासाठी वास्तुविशारदाची नेमणूक. वहिनींनी तिचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, “ताई, आपला करार मे २०२७पर्यंत आहे ना?”